समोरचे दोन कुत्रे

आमच्या शकूआत्यानं मस्कतहून सोनं आणलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तिकडच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं नर्स राहिलेली बाई परत येते म्हटल्यावर आमच्या गल्लीचा अंदाज सरळ होता: गळ्यात गोफ, हातात बिलवर आणि खोक्यात व्हीसीआर. अमरावतीच्या आमच्या दारात ऑटो थांबला, आत्या उतरली, तर गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली ट्रंकेची किल्ली, आणि छातीशी धरलेलं एक खोकं. ते तिनं ऑटोवाल्याच्या हातालासुद्धा लागू दिलं नाही. बाबांनी ते बैठकीत पाटावर ठेवलं. आईनं, का कोण जाणे, त्याला हळदकुंकू लावलं. समोरच्या घरच्या कमलकाकू पदर खोचून येऊन बसल्या. खोकं उघडलं, आणि आतून निघाली हातभर लांब एक निळी मोटार. वरचं टोपण काढलं की खाली नुसता सांगाडा, तारा, दांडे, इवलाले दात असलेला पट्टा. सोबत पिस्तुलासारखा एक रिमोट.

"हे काय वो, शके?" बाबांनी विचारलं. आत्या बाबांची धाकटी बहीण, बाबा तिला अजूनही फ्रॉकमधली समजायचे.

"टूरिंग कार."

"लहान पोट्ट्याइचं खेळणं?"

"खेळणं नाही दादा. रेसची गाडी आहे. तिकडे शुक्रवारी दवाखान्याच्या आवारात आमच्या शर्यती राहत. एक्स-रेवाल्यानं शिकवलं मले."

बाबांनी गाडी उचलून कानाशी नेऊन हलवली. सोनं आत लपवलं असेल तर वाजेल, असा त्यांचा विचार. काही वाजलं नाही. कमलकाकू म्हणाल्या, "असू दे बाप्पा, कोणाले सोनं आवडते, कोणाले मोटार," आणि चहा न घेता उठून गेल्या. काकू चहा न घेता गेल्या, ह्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते तुम्हीच समजा.

आमचं फुलांचं घर. बडनेऱ्याच्या रोडनं थोडी जमीन होती, तिच्यात झेंडू, शेवंती, गुलछडी, आणि बांधाला घरच्यापुरती वांगी अन् सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझ्या सूनबाई पुण्याच्या. पहिल्या दिवशी मी "वावरातून सांबार आण" म्हटलं, तर बिचारी पातेलं घेऊन निघाली होती. तर त्या घराला ओल्या पोत्यांचा वास होता, आणि आवाज होता दोन गोष्टींचा. एक, बाबांचा तीनचाकी टेम्पो, जो पहाटे सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्या माणसासारखा खोकायचा. दुसरा, आईची लांब सुई झेंडूच्या पोटातून जायची तेव्हाचा कच्च, कच्च असा बारीक आवाज. आई बोलायची कमी, ओवायची जास्त. हार ओवता ओवता चुलीवर तिचं वांग्याचं भरीत, ठेचा, आणि आंबाडीची भाजी कधी होऊन जायची कळायचं नाही. भाकरीला कधी कधी झेंडूचा वास यायचा, आणि तो आम्हाला भाकरीचाच वास वाटायचा. त्या घरात आत्याची गाडी आली आणि तिसरा आवाज सुरू झाला: बैठकीतून न्हाणीपर्यंत झिंऽऽऽ, मग धाड.

गाडीची बॅटरी भरायची टेम्पोच्या बॅटरीवरून. एका पहाटे टेम्पो खोकलासुद्धा नाही. बाबा, मी आणि आत्या, तिघांनी तो ढकलत चौकापर्यंत नेला, आणि लिलाव उलटून गेल्यावर आमची शेवंती बाजारात पोचली. संध्याकाळी बाबा फक्त एवढंच म्हणाले, "फुलाइचा टेम्पो हातभर गाडीनं पेऊन टाकला."

आता त्या गाडीची खरी मेख सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या भिंतीला लागून हनीफभाईंचं सायकलचं दुकान होतं. मोठा गप्पिष्ट माणूस. पंक्चर काढता काढता दुनियेतल्या सगळ्या यंत्रांवर मत द्यायचे आणि त्यातली अर्धी मतं चुकीची निघायची. आत्यानं गाडीचा पुढचा भाग त्यांच्यासमोर उघडून दाखवला. म्हणाली, ह्यात समोर वन-वे आहे. मोटर समोरच्या चाकांना पुढं ओढू शकते, मागं धरून ठेवू शकत नाही. मोटर थांबली तरी समोरची चाकं आपली मोकळी फिरत राहतात.

"अरे शकूबाई, ये तो फ्रीव्हील है!" हनीफभाई ओरडलेच. "इसके अंदर कुत्ते रहते!"

सायकल चालवलेल्यांना माहीत असेल. पायडल मारणं थांबवलं तरी चाक टिकटिक करत फिरतं ना, ते ज्याच्यामुळं, त्या मागच्या फ्रीव्हीलच्या आत दोन बारक्या लोखंडी खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात पकडतात, थांबलं की दातांवरून घसरतात. पकडतात तेव्हा चावल्यासारख्या पकडतात, म्हणून सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. आत्या म्हणाली, ह्यात खिट्ट्या नाहीत हनीफभाई, बारीक रोलर आहेत. हनीफभाई म्हणाले, "रोलर तर रोलर, पण काम तर कुत्र्याचंच करून राहिले ना?" झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या भागाचं नाव पडलं 'समोरचे कुत्रे'. आत्याही तेच म्हणायला लागली. "कुंदे, समोरच्या कुत्र्याइत फूल अडकलं, चिमटा आण."

ह्या कुत्र्यांचा फायदा असा, की वळणावर मोटर सोडली की समोरची चाकं मोकळी होतात आणि गाडी नाक अलगद आत घेते, लोण्यात सुरी जावी तशी. तोटा असा, की ब्रेक मारला तर तो फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं एकदम जागच्या जागी धरतात, समोरची आपली मोकळी पळतात, आणि गाडी शेपटी पुढं घेऊन गर्रकन फिरते. म्हणजे ह्या गाडीला ब्रेक होता, पण तो मारायचा नव्हता. बाबांना हे कधीच पटलं नाही. "वापराचाच नाही, तं देला काहाले?" ते विचारायचे. आणि 'वन-वे' म्हटलं की म्हणायचे, "अमरावतीत वन-वे म्हणजे पोलीस जेवाले गेला का टू-वे."

आत्या परत आली तेव्हा तिची तिशी उलटलेली होती, आणि बाबांनी तिच्यासाठी बाळापूरचं स्थळ पाहून ठेवलं होतं. वसंतराव नावाचे गृहस्थ, बिजवर, खतांचं दुकान, माणूस सज्जन. सज्जन आहेत हे आत्यालाही मान्य होतं. तिला फक्त लग्न करायचं नव्हतं. भाजी सुरेख झाली होती त्या रात्री, वांग्याची, रोडग्यांबरोबर, अंगणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, आणि तुपाची वाटी मधोमध. तिथंच विषय निघाला.

"मले अकोल्याच्या दवाखान्यात जागा भेटली, दादा. मी तिथं खोली घेऊन राहते म्हणते."

"घर असताना खोली काहाले?"

"घर तुझं आहे."

"अन् वसंतराव?"

"वसंतराव बाळापूरले आहेत. सुखी आहेत. राहू दे तिथंच."

बाबांनी रोडगा मोडला, तुपात बुडवला, आणि तसाच हातात धरून बसले. तूप कोपरापर्यंत ओघळलं. आई म्हणाली, "पहिले जेवून घ्या, मंग भांडा." त्या वर्षीचं तिचं सगळ्यात लांब वाक्य असेल ते.

आता माझ्या बाबांचा स्वभाव. बाबा दिलेला शब्द मोडायचे. सर्कशीला नेतो म्हणायचे आणि नेत नसत. पण लावलेली पैज त्यांनी कधी मोडली नाही. एका गणपतीत, मांडवातली गॅसबत्ती आरती संपेपर्यंत टिकते की नाही ह्यावर त्यांनी मिशी लावली, बत्ती विझली, आणि बाबा स्वतः उठून न्हाव्याकडं गेले. परत आले तेव्हा कमलकाकूंनी त्यांना "कोण पाहिजे?" असं विचारलं होतं. असल्या माणसाशी लग्नाचा वाद घालून उपयोग नव्हता, हे आत्याला ठाऊक होतं. तिनं पैज काढली.

अकोल्याला असाच गाड्यांचा नाद असलेली माणसं होती. एक दातांचे डॉक्टर आणि एक बँडवाले इंगळे. कापूस यायच्या आधी, एका जिनिंगच्या रिकाम्या पटांगणात त्यांनी शर्यत ठेवली होती, आणि बक्षिसं एका शेती-अवजारांच्या दुकानदाराकडून मिळवली होती. म्हणून पहिलं बक्षीस होतं पाठीवरचा फवारणीचा पंप, आणि दुसरं सरकीच्या ढेपेचं एक पोतं.

"शर्यत जिंकली तं मी अकोल्याले जाईन," आत्या म्हणाली. "हरली तं बाळापूरले. पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

बाबांचे डोळे चमकले. "लागली! जिंकली तं तुही ट्रंक मी सोता उचलून नेऊन देतो." मग फुलबाजारात भाव चढवताना हसायचे तसं हसले. "पण गाडी कुंदी चालवीन."

"कावून? गाडी माही आहे!"

"तू तिकडून शिकून आली. पैज बराबरीची पाहिजे."

कुंदी म्हणजे मी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि ब्रेकवर जगत होते. सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून वर दोन्ही पाय घासत चालवायची. जिना उतरताना पायरीपायरीवर थांबायची. बोलतानासुद्धा अर्ध्या वाक्यात ब्रेक. आता जी बोलते ती त्याचीच भरपाई आहे, असं आमच्या घरचे म्हणतात. बाबांनी बरोबर ओळखलं होतं. ब्रेक न मारायची गाडी, आणि ती ह्या पोरीच्या हातात. वसंतरावांना हळद लागल्यातच जमा होती.

आत्या मला फुलबाजारात घेऊन जायची. सकाळचा लिलाव उरकला, ओटा धुऊन झाला की दुपारी तिथं कोणी नसायचं. सिमेंटचा लांबरुंद ओटा, कोपऱ्याकोपऱ्यात चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. रिमोटचा घोडा ओढला की गाडी पळायची, पुढं ढकलला की ब्रेक. मी पळवायची, वळण आलं की घोडा पुढं ढकलला जायचा, आणि गाडी भोवऱ्यासारखी. पुन्हा. पुन्हा. पाकळी चाकाखाली आली तर दोन गिरक्या. हनीफभाई दुकान सोडून बघायला यायचे आणि म्हणायचे, "वा, नाचती क्या!"

"ढकलू नको कुंदे," आत्या मागं उभी राहून सांगायची. "भेव वाटलं का बोट उचल. नुसतं उचल. ते आपोआप हळू होते, नाक आत घेते."

"अन् हळू नाही झाली तं?"

"तं धडकते. पण नाक आत राहते."

ही काही समजूत झाली का? पण आत्याची समजूत घालायची पद्धतच अशी होती. मस्कतच्या रोग्यांचं काय होत असेल देव जाणे. हळूहळू मात्र मला जमायला लागलं. दहा वळणांतली काही तरी मी बोट उचलून काढायला लागले, आणि ते पहिलं वळण, गाडी कोणी न सांगता आत वळली, सरळ झाली आणि निघून गेली, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी नंतर बाळंतपणात आणि बँकेची परीक्षा पास झाल्यावर पुन्हा अनुभवलं, एवढंच सांगते. परवा नात म्हणाली, "आजी, आता तर गाड्या स्वतःच ब्रेक मारतात." म्हटलं, म्हणजे माझ्यावर गेल्या.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आई आणि आत्या बाजारात गेल्या होत्या. मी चुलीपाशी. बैठकीत बाबा एकटेच गाडी मांडीवर घेऊन बसलेले दिसले. समोरचं चाक त्यांनी बोटानं फिरवलं. ते फिरत राहिलं. थांबलं. पुन्हा फिरवलं. बाबांचा चेहरा उतरला, चांगलं दिसणारं वांगं चिरावं आणि आत अळी निघावी तसा. मला वाटलं, सोनं शोधून राहिले असतील अजून.

सकाळी आम्ही निघतो तर कमलकाकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. कमलकाकूंचे दोन कुत्रे होते. काका हयात असताना कचेरीत शिपाई होते. दिवसभर साहेबांच्या हाका ऐकायचे, म्हणून घरच्या कुत्र्यांची नावं त्यांनी ठेवली होती कलेक्टर आणि पटवारी. संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणायचे, "कलेक्टर, बस खाली!" आणि कलेक्टर बसायचा. काका गेल्यावर काकूंची सगळी माया त्या दोघांवर.

"कुंदे, तुह्या बापाले काय झालं वो?" काकूंनी मलाच धरलं. "काल हनीफच्या दुकानात म्हणे, समोरचे दोन्ही कुत्रे बांधून टाक, मोकाट फिरून राहिले. अवो, माह्या कानानं ऐकलं! कलेक्टर कोणाले चावला? अन् पटवारी तं मच्छराले भेते!"

समोर काकूंच्या अंगणात दोघेही दाव्यानं खांबाला बांधलेले, आणि गळा काढून रडत होते. मी बाबांकडं पाहिलं. बाबा टिफिन पिशवीत कोंबत घाईनं म्हणाले, "वापस आल्यावर पाहू वहिनी, बस जाऊन राहिली." आत्या माझ्या कानात म्हणाली, "पैजेचं टेन्शन आलं त्याले, कुत्र्याइवर काढून राहिला." मला कलेक्टरची दया आली, पण खरंच उशीर झाला होता.

आईनं वाटेसाठी तिखट पुऱ्या दिल्या आणि गाडीसाठी झेंडूचा हार. हातभर गाडीला तिनं टेम्पोच्या मापानं हार ओवला होता. मूर्तिजापूरला बस पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत बाबांनी सगळ्या पुऱ्या प्रवाशांत वाटून टाकल्या. अकोल्याला पोचलो तेव्हा गाड्या रांगेत लागलेल्या होत्या. आत्यानं पळत पळतच बॅटरी बसवली, टोपण ठेवलं, आणि गाडी जमिनीवर टेकवली. हार मात्र कुठं ठेवावा कळेना. तो तिनं शेवटच्या वळणावर रचलेल्या सरकीच्या पोत्यांवर घातला. ते वळण सगळ्यात बेरकी होतं, आखूड, गेलेल्या वाटेनंच परत फिरवणारं.

बँडवाले इंगळे आपल्या गाडीसोबत सगळा बँड घेऊन आले होते, लाल कोट, सोनेरी फीत, सगळं. इंगळेंची गाडी पुढं गेली की बँड वाजायचा, मागं पडली की बंद. दातांचे डॉक्टर पांढऱ्या बुटांत उभे होते, आणि सगळ्यांना सांगत होते, "माझ्यासुद्धा गाडीत समोर वन-वे आहे बरं का." आणि गर्दीतून हात हलवत, छत्री घेऊन, साक्षात वसंतराव आले. बाळापूर जवळच, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. पैजेचं मात्र सांगितलं नव्हतं.

"आपली गाडी कोणती जी?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी बोटानं दाखवली. "निळी."

"मंग निळीच जिंकीन!" वसंतराव म्हणाले, आणि छत्री मिटून टाळ्या वाजवायला तयार झाले.

शिट्टी झाली. पहिल्याच वळणावर मी शहाण्यासारखं बोट उचललं, आणि गाडीनं नाक आत घेतलंच नाही! रुसलेल्या म्हशीसारखी बाहेर बाहेर जाऊन पोत्याला घासली. "बोट उचल!" आत्या ओरडली. "उचललं नं!" "मंग वळून कावून नाही राहिली?" मला काय माहीत! प्रत्येक फेरीला तेच. डॉक्टर सर्वांत पुढं, त्यांच्या मागं इंगळे, बँड कधी चालू कधी बंद, आणि तिसरी मी. मागं वसंतराव एकटे बेंबीच्या देठापासून, "शाबास निळी! ओढ निळी!" बाबा त्यांच्याकडं पाहायचे, मग आत्याकडं, मग जमिनीकडं. आत्या आता ओरडत नव्हती. तिनं गळ्यातली किल्ली मुठीत धरली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा खेळ नाही. उद्यापासून ही बाई कुठं झोपून उठणार, ते माझ्या ह्या एका बोटावर आहे.

शेवटची फेरी. शेवटचं वळण. आणि जिनिंगच्या चौकीदाराची शेळी, कुठून आली देव जाणे, आईनं ओवलेल्या हाराला तोंड लावून मधोमध उभी! डॉक्टरांनी शेळी पाहिली आणि ब्रेक मारला. वन-वेच तो, त्यानं आपलं काम केलं. गाडी गर्रगर्र फिरली, आणि मागून आलेले इंगळे तिच्यात घुसले. दोघं मिळून पोत्यांच्या फटीत उलटे. बँड मधेच तुटला. आणि त्यांच्यामागून मी, सगळं शिकलेलं एका क्षणात विसरलेली, जन्मजात कुंदी. डोळे मिटून घोडा जेवढा ढकलता येईल तेवढा पुढं ढकलला.

गाडी फिरली नाही. नाकासमोर सरळ, चारही चाकं घासत, शेळीपासून वीतभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. शेळीनं निळं टोपण हुंगलं, झेंडू चघळत चघळत बाजूला झाली. आत्या किंचाळली, "पळव!" मी घोडा ओढला. गाडी एकटीच, चालत गेल्यासारखी, शेवटच्या रेघेवरून गेली. बँडवाल्यांना काही सुचेना, मालक तर हरले. त्यांनी सवयीनं वरातीची धून धरली. आणि सगळ्यात मोठ्यानं टाळ्या कोणी वाजवल्या? वसंतरावांनी.

आत्यानं गाडी उचलून टोपण काढलं. समोरचं चाक बोटानं फिरवलं. ते फिरेना. जोर लावला तर चारही चाकं आणि मोटर मिळून फिरली. तिनं नीट पाहिलं. आत रोलर जागीच डकवून टाकणारी पितळी झाळ चमकत होती.

"दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "समोरचे दोन्ही कुत्रे कोणी बांधले?"

आणि माझ्या डोक्यात कमलकाकू उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"बांधले म्हणजे?" बाबा म्हणाले. "दुरुस्त केले! काल पाह्यलं तं चाकं मोकाट फिरून राहिले. हनीफ म्हणे फ्रीव्हील आहे, राहू दे; मी म्हटलं, बांधून टाक पक्के. त्यानं झाळ देली." मग जरा चिडूनच म्हणाले, "बिघडलेली गाडी घेऊन तू हरली असती, अन् मी जिंकलो असतो, तं त्या जिंकण्याले काय चाटू?"

आत्या सरकीच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली; हसता हसता पदर डोळ्यांना लावला, तो बराच वेळ काढला नाही. मीच बाबांना समजावून सांगितलं. ती चाकं मोकाटच पाहिजेत. बांधली म्हणून गाडी वळत नव्हती. पण बांधली म्हणूनच ब्रेक चारही चाकांना लागला, नाहीतर मी डॉक्टरांसारखीच फिरले असते. बाबांनी बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं. "म्हणजे मी दुरुस्त नसती केली, तं मी जिंकलो असतो?"

"हाव."

बाबांनी बक्षिसाचा पंप पाठीवर चढवून पट्टे आवळले. "पैज ते पैज," म्हणाले, आणि तसेच वसंतरावांकडं गेले.

वसंतरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. छत्री उघडली, मिटली. "म्हणजे मी इतला वेळ माह्याच विरोधात टाळ्या वाजवून राहिलो होतो काय?"

"हाव जी," बाबा म्हणाले.

वसंतराव वाकून त्या निळ्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग आत्याला हात जोडून म्हणाले, "तुमी अकोल्यालेच बऱ्या. पण ताई, हे गाडी भेटते कुठं?" त्यांनी नंतर अंजनगाव सुर्जीच्या एका शिक्षिकेशी लग्न केलं. हार आमचेच होते.

परतीच्या बसमध्ये पंप बाबांनी पाठीवरून उतरवला नाही. अंधार पडता पडता गल्लीत शिरलो, तर कलेक्टर आणि पटवारीचं रडणं कोपऱ्यापासून ऐकू येत होतं. काकू ओसरीवर बसलेल्या, समोर भाकरीची भरलेली ताटली.

"आले काय?" काकूंनी ताटली उचलून दाखवली. "दिवसभर घास नाही घेतला त्याइनं. मोकाट फिरते म्हणता, अन् फिरले नाही तं जगन कसे? आतातरी सोडू काय?"

बाबा रस्त्याच्या मधोमध थांबले. आता त्यांना कळलं. त्यांनी काकूंकडं पाहिलं, मग आत्याकडं. आत्या गाडीचं खोकं छातीशी धरून उभी होती, आली होती त्या दिवशीसारखीच.

"सोडा वहिनी," बाबा म्हणाले. "सोडून द्या. मलेच समजलं नाही." आणि मान न वळवता आत्याला, "शके, सकाळी टेम्पोत तुही ट्रंक टाकू. रात्री तेवढी गाडीची बॅटरी लावून नको ठेवजो, नाहीतं पार अकोल्यापर्यंत ढकलत न्या लागीन."

काकूंनी दावी सोडली. दोघंही सुटले ते सुसाट, बाबांच्या पायांमधून, पंपाच्या नळीला हिसका देत, कोपऱ्याकडं. पटवारीनं ऐन वळणावर चारही पाय रोवले आणि गर्रकन फिरून हनीफभाईंच्या पंक्चरच्या टपात जाऊन पडला. कलेक्टर मात्र थांबलाच नाही. नाक आत घेतलं, वळला, आणि दिसेनासा झाला.

"पाह्य कुंदे," आत्या म्हणाली, "त्यानं बोट उचललं."